सुपातला जोगवा

बाळांनो,

तुम्ही तिघं तीन देशांत आहात, म्हणून हे तीनदा उतरवून काढते आहे. धाकट्याला मराठी वाचताना अडचण पडते. थोरलीनं त्याला फोनवर वाचून दाखवावं, मधली पानं न गाळता.

आताच लिहायला बसले, त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात थोरलीचा फोन आला. तिला पाचवा महिना आहे हे तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक फॉर्म दिला होता, त्यात आजीला किती मुलं झाली असा एक प्रश्न होता. ती म्हणाली, ‘आजी, तुला किती?’ मी म्हणाले, ‘दोन.’ सवयीनं म्हणाले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की हे उत्तर मी इतकी वर्षं सगळ्यांना देत आले आहे आणि ते चूक आहे. दुसऱ्या दिवशी मी फोन करून तीन असं लिहून घ्यायला सांगितलं. तिनं ते लिहून घेतलं, पुढं काही विचारलं नाही. पण मी दूध चौघांना पाजलं होतं, आणि हे सांगायला त्या फॉर्ममध्ये जागा नव्हती. ते इथं सांगते. मला आता ऐंशी पुरी झाली आहेत. मी नाही सांगितलं तर हे सांगणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

मी माहेरची सोलापूरची. इंग्रजी शाळेतून मॅट्रिक झाले, कॉलेजात एक वर्ष काढलं आणि लग्न होऊन तुळजापूरला आले. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती आणि आमचा जिल्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता. कचेरीतले जुने कारकून अजून उर्दूत सही करत. तुमचे आजोबा हायस्कुलात इंग्रजी आणि गणित शिकवायचे. मामंजी, म्हणजे माझे सासरे, देवीला येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगायचे. त्यांच्याइतका विधीला चिकट माणूस मी नंतर पाहिला नाही. यजमानानं पळी चुकीच्या हातात धरली की ते मंत्र मध्येच थांबवत. एसटी चुकेल म्हणून कुणी घाई केली तर म्हणत, ‘गाडी दुसरी मिळेल. हे मात्र आता पहिल्यापासून होईल.’ आणि खरोखरच पहिल्यापासून सुरू करत.

सासूबाई कमी बोलायच्या. बोलल्या की समोरच्याला उत्तर सुचायला वेळ लागायचा.

मला पहिला मुलगा झाला तो सोलापूरला, माहेरी. दीड महिन्यानं त्याला घेऊन मी तुळजापूरला आले. मला सगळं लिहून ठेवायची सवय होती. त्याच्या पिण्याच्या वेळा मी एका वहीत इंग्रजीत लिहायची, शेजारी डावं की उजवं. सासूबाई म्हणायच्या, ‘ते पोर आहे का रेल्वे?’ पण वही त्यांनी कधी हलवली नाही.

चैत्रात त्याला जुलाब सुरू झाले. तो अडीच महिन्यांचा होता. सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई दोन दिवसांत तीनदा येऊन गेल्या. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती होत्या, वयानं चाळिशीच्या. त्यांनी करायचं ते सगळं केलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. इतक्या लहान मुलाला अग्नी देत नाहीत, दहा दिवसांचं सुतकही धरत नाहीत. तुमचे आजोबा आणि मामंजी त्याला घेऊन गेले आणि तासाभरानं रिकाम्या हातांनी परत आले. तेवढ्या वेळात मी त्याची दुपटी धुतली, वाळत घातली. उन्हाळा होता, लगेच वाळली. मी त्यांच्या घड्या घातल्या.

मी रडले नाही. हे मी धीराची होते म्हणून सांगत नाही. रडू आलंच नाही. आजूबाजूच्या बायका येऊन म्हणायच्या, ‘तिला रडू द्या हो, नाहीतर डोक्यात जाईल.’ जणू काही कुणी मला अडवून धरलं होतं. मला ऐकू सगळं यायचं, पण ते शेजारच्या घरातलं बोलणं ऐकावं तसं. कुणी जेवायला बस म्हटलं की बसायची, ऊठ म्हटलं की उठायची.

दूध मात्र त्याच्या वेळेला यायचं. वहीतल्या वेळांना. चोळी भिजायची. ते आटावं म्हणून सासूबाईंनी देवळाच्या वाटेवरच्या फुलवाल्याकडून मोगरा आणला आणि सुटी फुलं छातीवर पसरून वरून जुन्या लुगड्याचा पट्टा घट्ट बांधला. आमच्याकडं तसंच करतात. रोज सकाळी त्या आधीची फुलं काढून ताजी बांधायच्या. काळी पडलेली फुलं मी परसात टाकून यायची. पुढं लोकांना वाटायचं, मला मोगऱ्याचा वास सहन होत नसेल. तसं काही नाही. मोगरा मला आवडतो.

चौथ्या दिवशी नर्सबाई दुधाच्या पावडरीचा एक डबा घेऊन आल्या. सोलापूरहून कुणाकडून तरी मागवलेला होता. ओट्यावर बसून मला म्हणाल्या, ‘बाई, यावरचं इंग्रजी जरा वाचून सांगा. चमचा सपाट घ्यायचा का शिगोशीग?’

मी वाचलं. म्हणाले, ‘सपाट. आणि पाणी उकळून गार केलेलं.’

‘मीही त्यांना तेच सांगत होते.’

सासूबाई आतून आल्या. ‘कुणासाठी आहे?’

‘खालच्या गल्लीत तो पिंजारी नाही का, कापूस पिंजून गाद्या भरतो, त्याच्या लेकीसाठी. पाच दिवसांची आहे. बाळंतीण गेली. रक्त थांबलंच नाही. पोरीला शेळीचं दूध दिलं, ते टिकंना. आता हे देतायत, तेही उलटून पडायलंय. रडायचीसुद्धा थांबली आहे ती कालपासून.’

बोलत होत्या सासूबाईंशी आणि बघत होत्या माझ्याकडं. मी डब्याचं झाकण लावून डबा त्यांच्यापुढं ठेवला. मला काय विचारलं जातंय ते कळत होतं. फक्त ते दुसऱ्या कुणाला विचारतायत असं वाटत होतं. सासूबाई त्यांना सोडायला पायऱ्या उतरून गेल्या. मी आत जाऊन ताक घुसळायला बसले.

त्यानंतर दोन दिवसांनी मंगळवार होता.

मंगळवारचं तुम्हाला समजावून सांगायला हवं. मंगळवार आणि शुक्रवार हे देवीचे वार. त्या दिवशी देवीची माणसं परडी घेऊन पाच घरी जोगवा मागतात. परडी म्हणजे वेताची उथळ टोपली. मागणारा कोण, कुठला, हे विचारायचं नसतं, कारण तो देवीच्या नावानं मागत असतो. घरात जे असेल ते घालायचं, मूठभर पीठ असेल तर पीठ. रिकामं पाठवायचं नाही. आमच्या घरात तर अजिबातच नाही. सासूबाई स्वतः नवरात्रात पाच घरी जोगवा मागायच्या.

तर त्या मंगळवारी सकाळी मामंजी देवळात जायला निघाले होते आणि पडवीत उपरणं झटकत होते. तुमचे आजोबा परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. मी आतल्या दाराशी तांदूळ निवडत होते. बाहेरून आवाज आला, ‘आई, जोगवा वाढा.’

पिंजाऱ्याची म्हातारी आई पायरीखाली उभी होती. अनवाणी. चपला तिनं लांब, रस्त्याच्या पलीकडं काढून ठेवल्या होत्या. डोक्यावरून पदर घेतलेला, आणि दोन्ही हातांत सूप धरलेलं. धान्य पाखडायचं सूप. त्यात कापूस अंथरला होता आणि कापसावर ती मुलगी होती. मला उंबऱ्यातून फक्त तिचं कपाळ दिसलं.

सासूबाई वाटीत ज्वारीचं पीठ घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, ‘ये. काय वाढू?’

‘पीठ नको, आई.’ म्हातारीनं सूप जरा पुढं केलं. ‘दूध वाढा.’

तुमच्या आजोबांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. मामंजी सुपाकडं बघत राहिले. म्हातारीकडं नाही, मुलीकडंही नाही, सुपाकडं. बराच वेळ. मला वाटलं, आता ते चूक काढणार. जोगवा परडीत मागतात, सुपात कुणी मागत नाही. आणि मागण्याआधी देवीचा उदोकार करतात, तोही तिनं केला नव्हता. एवढ्याशा चुकीसाठी त्यांनी मोठमोठ्या यजमानांची पूजा पहिल्यापासून करायला लावलेली मी पाहिली होती.

त्यांनी विचारलं, ‘आज वार कुठला?’

त्या घरात तिथी, नक्षत्र, वार त्यांनाच विचारायची पद्धत होती. तुमचे आजोबा गोंधळून म्हणाले, ‘मंगळवार.’

‘मग त्यांना उन्हात उभं काय केलंय? वाढा.’ एवढं बोलून त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं आणि ते पायऱ्या उतरून गेले. म्हातारीनं बाजूला सरून वाट दिली. तिच्या अंगावर सावली पडू नये म्हणून का कोण जाणे, तेही जरा अंग चोरून गेले.

आता सासूबाई तिला वर बोलवणार, तर तीच पायरी चढेना. म्हणाली, ‘आधी तुमच्या सुनेला इचारा, आई. तिच्या मालकाला इचारा. जबरीचं दूध आमच्यात चालत न्हाय. आणि एक सांगते, मागून म्हणाल म्हातारीनं सांगितलं न्हाय. आमच्यात जिचं दूध प्यायलं ती आई. ही तुमच्या सुनेची औलाद झाली. तुमच्या सुनेला पुढं लेकरं होतील, ती हिची सख्खी भावंडं. त्यांच्यासंगं हिचा निकाह न्हाय लागायचा.’

सासूबाई म्हणाल्या, ‘अगं बाई, एरवी लागणार होता का? वर ये आधी.’

म्हातारी हसली. त्या दिवसांत आमच्या घरात कुणी हसलेलं मला तेवढं एकच आठवतं. हसता हसता तिनं पदरानं डोळे पुसले.

तुमचे आजोबा खाली बघून म्हणाले, ‘माझी ना नाही.’ मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

हे मला नीट सांगायचं आहे, कारण पुढं लोकांनी याची फार गोड गोष्ट केली. मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. माझ्या मनात दया आली नाही. मी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं, हात पुसले, मागच्या पडवीत जाऊन बसले आणि पट्टा सोडला. मोगऱ्याची फुलं मांडीवर पडली. सासूबाईंनी ती गोळा केली आणि मुलीला माझ्याकडं दिलं. ती माझ्या मुलाच्या निम्म्या वजनाची असेल. तोंड लावायची ताकदही तिच्यात नव्हती. नर्सबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी मला बोटानं थेंब काढून तिच्या ओठांवर लावायला शिकवलं.

दूध जवळजवळ आटलं होतं. सहा दिवस आम्ही ते आटावं म्हणूनच खटपट केली होती. सासूबाई स्वतःशीच म्हणाल्या, ‘मीच बांधली फुलं.’ मग उठल्या आणि त्यांनी अळीव भिजत घातले. बाळंतिणीला करतात तशी अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी, सगळं पुन्हा सुरू झालं. घरात तान्हं मूल नाही आणि मी बाळंतिणीचं खात होते. बेचव लागायचं. पण खायची. नर्सबाईंनी दर दोन तासांनी मुलीला छातीला लावायला सांगितलं होतं, दूध येवो न येवो. मधल्या वेळी आणि रात्री डब्यातलं दूध पातळ करून थेंबाथेंबानं द्यायचं होतं. मी वही काढली आणि नव्या पानावर वेळा लिहायला लागले.

म्हातारी मुलीला घेऊन सकाळी यायची ती दिवे लागायच्या आधी परत जायची. मागच्या पडवीच्या कोपऱ्यात बसून वाती वळाव्यात तसे कापसाचे पेळू, म्हणजे सुतासाठीच्या गुंडाळ्या, करायची. तोंडानं काहीतरी पुटपुटायची, माळेचे मणी सरकवायची. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा सोवळं कडक होतं. म्हणून मी मुलीला घेतलं की नंतर डोक्यावरून अंघोळ करायची आणि मगच आत जायचं, असं ठरलं. दिवसातून सहा अंघोळी. पाणी आडाचं, आणि चैत्र-वैशाखात आमच्याकडं आडाला किती पाणी असतं ते तुम्ही पाहिलेलं नाही. दोन दिवस सासूबाईंनी स्वतः पोहरा ओढून मला पाणी काढून दिलं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या अंघोळीला त्यांनी पोहरा आडात सोडला, तो तळाला खडखडला. त्यांनी तो वर ओढून बाजूला ठेवला.

‘पुरे झालं,’ त्या म्हणाल्या. ‘देवीच्या पूजेला पाणी राहायचं नाही आणि तू न्हातीयेस. पाय धू आणि आत ये.’

‘मामंजी?’ मी विचारलं.

‘त्यांना पाणी भरायला लावते, मग बघू काय म्हणतात.’

ते काही म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी दूध आलं. एकदम आलं, दोन्हीकडून. मुलीला ठसका लागला. म्हातारीनं वर हात करून ‘अल्ला’ म्हटलं, सासूबाईंनी देवघराकडं तोंड करून हात जोडले, नर्सबाईंनी कपाळाला आणि छातीला हात लावला. माझे दोन्ही हात गुंतलेले होते. मला आनंद झाला नाही. मी वहीत वेळ लिहिली आणि शेजारी ‘सफिशंट’ असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मामंजी देवघरात होते. ते आतूनच म्हणाले, ‘हां. आता आवाज आला.’ आणि पुढचा मंत्र म्हणायला लागले.

बरेच दिवस मी तिच्या तोंडाकडं पाहिलं नव्हतं. पाजताना समोरच्या भिंतीतल्या कोनाड्याकडं बघत राहायची. मला तिचा फक्त टाळूचा भाग ओळखीचा होता. नर्सबाई एकदा म्हणाल्या, ‘बाई, तिच्याकडं बघा तरी.’

‘बघते की.’

‘कोनाड्याकडं बघताय.’

पुढं एक दिवस तिनं मला ओरबाडलं. नखं वाढली होती. तान्ह्या मुलाची नखं कात्रीनं काढत नाहीत, दातानं कुरतडतात. मी तिची दहा बोटं एकेक करून दातांत धरली आणि नखं काढली. ती माझ्याकडं बघत होती. तिचा डावा डोळा उजव्याहून किंचित बारीक होता. तेव्हा मला कळलं की मी तिला पाहते आहे. एवढंच झालं. त्यानं माझं दुःख हलकं झालं, असं मी लिहिणार नाही. पण तिच्या वेळेला मी कान देऊ लागले. म्हातारीला उशीर झाला तर पायरीपर्यंत जाऊन यायची.

गावात बोललं गेलंच. आडावर शेजारच्या एक काकू सगळ्यांच्या देखत सासूबाईंना म्हणाल्या, ‘काय हो, तुमचा जोगवा अजून संपंना का?’

सासूबाई घागर भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘जोगवा पाच घरी मागायचा असतो. आमचं एक झालं. उरलेल्या चारांत तुमचं धरू का?’

काकू घागर अर्धी भरून निघून गेल्या.

पण दुसऱ्या बायका वाईट मनानं नव्हे, माझ्या समाधानासाठी बोलायच्या, ते मला जास्त जड जायचं. ‘देवीनं एक नेलं, एक मांडीवर दिलं.’ ‘त्या पोरीला दूध मिळावं म्हणूनच तुझ्या पोटी तो आला होता बघ.’ मी तेव्हा गप्प बसायची. आता सांगते. हे मी कधीच मानलं नाही. एका घरची मुलगी जगवण्यासाठी दुसऱ्या घरचा मुलगा न्यायचा, असं देव करत असेल तर त्याच्याशी मला बोलायचंही नाही. माझा मुलगा जुलाबानं गेला. तिची आई रक्त गेल्यानं गेली. त्यात कुणाचा हेतू नव्हता. हेतू त्यानंतर सुरू झाला, माणसांत.

आठ महिने मी तिला पाजलं. ती बसायला लागली, नाचणीचं सत्त्व खायला लागली. मग पिंजाऱ्यानं सोलापूरला गादीच्या दुकानात काम धरलं आणि सगळ्यांनी तिकडं जायचं ठरवलं. जाण्याच्या आदल्या दिवशी म्हातारी निरोप घ्यायला आली. आमच्याकडं त्यांच्या घरचं शिजवलेलं चालणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून कोरड्या शेवया, साखर आणि खजूर असा शिधा तिनं आणला होता आणि माझ्यासाठी हिरवा खण. मुलीला मी शेवटचं घेतलं. ती पिऊन झोपली.

म्हातारी मला म्हणाली, ‘पोरी, एक बोलू का? तुझ्या सासूनं मला बोलू नको म्हणून सांगितलंय. पण उद्या मी जाणार, परत यायची न्हाय यायची कोण जाणे. त्या मंगळवारी मी माझ्या अकलेनं न्हवते आले. नर्सबाईच्या हाती तुझ्या सासूनं सांगावा धाडला हुता. मंगळवारी ये, मालक घरात असताना ये, जोगवा म्हण. परडी घेऊन ये म्हणाली हुती. आता आमच्या घरात परडी कुठली? सूप हुतं. माझ्या तोंडात तर तो शबुद येईना. जल्माची नमाज पढणारी मी. घरात दोनदा घोकला, रस्त्यानं घोकत आले.’

ती गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई भाकरी थापत होत्या. मी विचारलं, ‘तो सांगावा तुम्ही धाडला होता?’

‘बोलली का म्हातारी.’ त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. ‘मी नुसतं म्हटलं असतं, ती पोर आणूया, तर यांनी शास्त्र काढलं असतं. चार दिवस शास्त्र चाललं असतं. पोरीकडं चार दिवस नव्हते.’

‘पण देवीच्या नावानं?’

‘मग काय देवीनं स्वतः पायऱ्या चढून सांगायला यायचं होतं? तिला काय एवढंच काम आहे?’

मी म्हणाले, ‘मामंजींना कळलं असतं तर?’

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. ‘तुला काय वाटतं, त्यांना कळलं नाही? पन्नास वर्षं देवीच्या दारात बसलेला माणूस. सुपात जोगवा मागताना त्यांनी कधी कुणाला पाहिलंय का? ते बघत होते ना सुपाकडं? तेवढ्यात त्यांनी ठरवलं.’ भाकरी फुगली. त्यांनी ती उतरवली. ‘ताट घे. गार होतीय.’

मी ताट घेतलं आणि जेवले.

माझं इंग्रजी शिक्षण आणि माझा स्वभाव, दोन्हींमुळं मला देवाबद्दल मोठं बोलता येत नाही. पण देव कामं कशी करतो असं कुणी विचारलं, तर मी पाहिलेली एकच रीत सांगू शकते. एका बाईनं, स्वतःला इंग्रजी वाचता येत असून, डब्यावरचं मुद्दाम दुसरीला वाचायला लावलं. एकीनं आपल्याच नवऱ्याला त्याच्याच देवीच्या नावात अडकवलं. एका म्हातारीनं आपल्या धर्मात नसलेला शब्द रस्त्यानं घोकला. आणि जन्मभर चुका काढणाऱ्या माणसानं एक चूक पाहून घेतली आणि काढली नाही. ते चौघं तयार होते. मी तयार नव्हते, मी फक्त आड आले नाही. बहुतेक तेवढंही चालतं.

मी त्या मुलासाठी रडले ते पुढं तीन वर्षांनी, तुमच्या आईच्या जन्मानंतर, येडशीच्या स्टेशनावर गाडीची वाट बघताना, काही कारण नसताना. तुमचे आजोबा पाणी आणायला गेले होते. ते येईपर्यंत माझं झालं होतं.

दर ईदेला सोलापूरहून शेवयांचा शिधा यायचा. म्हातारी गेल्यावर पिंजारी पाठवायचा, तो गेल्यावर तीच पाठवायला लागली. तिच्या लग्नात मला आईच्या जागी बसवलं होतं, आणि तिच्या मामेबहिणी कुजबुजत होत्या की ही कुंकू लावलेली आई कुठून आली. तिनंच त्यांना सांगितलं. तुमच्या आईला आणि मामाला ती नावानं हाका मारते, कारण ती त्यांच्याहून मोठी आहे. तुम्ही लहानपणी सोलापूरला जिच्या घरी गच्चीवर झोपायचात आणि जिला तुम्ही नुसतंच मावशी म्हणता, ती हीच. कुठली मावशी, हे तुम्ही कधी विचारलं नाही.

मामंजी गेले, सासूबाई गेल्या. नर्सबाईंची बदली झाली, त्यानंतर त्यांचं काही कळलं नाही. तुमचे आजोबा जाऊन नऊ वर्षं झाली. ते घर रस्ता रुंद करताना पाडलं, आड बुजवला, त्यावर आता दुकानं आहेत. वही उन्हाळ्यात वाळवी लागून गेली.

ती सोलापूरला आहे. साठी ओलांडली आहे, गुडघे दुखतात, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे. तिला तीन मुलं आणि पाच नातवंडं आहेत, आणि सगळी खाऊनपिऊन धट्टीकट्टी आहेत.